क्रूझरला उंच हँडल बसवताना: मोजमापापासून हवा काढण्यापर्यंत

क्रूझर मोटरसायकलचं जुनं हँडल काढून नवं बसवणं हे चार बोल्टांचं, अर्ध्या तासाचं काम आहे. उरलेला दिवस जातो तो हँडलच्या मागून येणाऱ्या वरातीत: क्लच केबल, ॲक्सिलेटर केबल, ब्रेकचा पाइप, दोन्ही स्विचच्या वायरी. हँडल उंच झालं की यातलं काही ना काही आखूड पडतंच. पुण्याच्या नाना पेठेत चकचकीत हँडल दिसलं, आवडलं, घेतलं आणि मग घरी येऊन कळलं की ब्रेकचा पाइप पोचत नाही, हा क्रम नेहमीचा. तो उलटा करायचा. आधी मोजायचं, मग केबल आणि पाइपची सोय बघायची, हँडल सगळ्यांत शेवटी घ्यायचं.

किती उंच?

हे दुकानात ठरवू नका. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून कोणाला तरी धरायला सांगा, सीटवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा आणि हात जिथे आपोआप आरामात थांबतील तिथे धरा. खांदे उचललेले नकोत, कोपर थोडं वाकलेलं, मनगट सरळ. दुसऱ्या माणसानं टेपनं तीन मापं घ्यायची: मूळ मुठीपासून तुमची मूठ किती वर आहे, किती मागे आहे आणि किती बाहेर आहे. बहुतेकांच्या बाबतीत वरचं माप ३ ते ५ इंचांतच येतं. हँडल याहून उंच घ्यावंसं वाटलं तर ती हौस आहे. हौसेला हरकत नाही, पण मूठ खांद्याच्या वर जाईल इतकी नको. हात हृदयाच्या वर राहिले की रक्त खाली उतरतं, बोटांना मुंग्या येतात आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहणं नकोसं होतं. पुण्यात सिग्नल किती आहेत ते सांगायला नको.

हँडलची मापं चार असतात. उंची, मागे येणारा बाक, टोकापासून टोकापर्यंतची रुंदी आणि पाइपचा व्यास. दुकानदार फक्त उंची सांगतो. व्यास सगळ्यांत महत्त्वाचा. रॉयल एनफील्ड, ॲव्हेंजर आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२.२ मिमीचं, म्हणजे पाऊण इंचाहून थोडं जाड, ⅞ इंची. हार्ले आणि काही मोठ्या परदेशी क्रूझरचं २५.४ मिमी, पूर्ण एक इंच. एक इंची हँडलवर ⅞ इंची स्विच आणि लिव्हर चढतच नाहीत. उलट बाजूनं, पातळ हँडल मोठ्या क्लॅम्पमध्ये (हँडल मधोमध धरणाऱ्या पकडीत) पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवायचा सल्ला कोणी दिला तर तिथून निघा. खड्ड्यात पुढचं चाक आदळतं तेव्हा अंगाचा सगळा भार मुठींवर येतो आणि पट्टीवरचं हँडल फिरतं.

क्लॅम्पमध्ये बसणारा मधला भाग खरखरीत, जाळीसारख्या खाचांचा असावा. गुळगुळीत क्रोमचं हँडल कितीही आवळलं तरी सरकायची शक्यता राहते. खाचांची रुंदी क्लॅम्पइतकी तरी हवीच. रुंदीचा विचार करताना गाडी रोज कुठे लावता तेही बघा. पेठेतल्या वाड्याच्या बोळातून आत जाणारी गाडी हँडल दोन इंच रुंद झाल्यावर आत जाईलच असं नाही.

तुमचं माप दीड-दोन इंचांवरच थांबत असेल तर नवं हँडल घेऊच नका. क्लॅम्पखाली रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, टाका. मूळ केबल बऱ्याचदा हेडलाइटच्या मागून वाट बदलून पुरतात आणि वायर कापावी लागत नाही. पाठदुखीसाठी हँडल बदलणाऱ्यांचं काम बहुधा इतक्यावर भागतं.

केबल आणि पाइपचं माप

अंदाजासाठी सोपा हिशेब: वाढलेली उंची, मागे आलेलं अंतर आणि एका बाजूची वाढलेली रुंदी, या तिन्हींची बेरीज. हँडल ५ इंच उंच, १ इंच मागे आणि प्रत्येक बाजूला अर्धा इंच रुंद असेल तर साडेसहा इंच, म्हणजे साधारण १६५ मिमी. प्रत्यक्षात याहून थोडं कमीच लागतं, कारण मूळ केबलमध्ये थोडी ढील असते. म्हणून हा हिशेब फक्त अंदाजापुरता. अंतिम माप हँडल तात्पुरतं बसवून सुतळीनं घ्यायचं. सुतळी केबलच्या वाटेनंच न्यायची, सरळ रेषेत नाही. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही वेळा मोजायचं, जास्त येईल ते खरं, आणि त्यात २० ते ३० मिमी मिळवायचे. याहून लांब केबलही वाईट. तिचा फासा होऊन तो हेडलाइटच्या कडेला किंवा फोर्कच्या स्टॉपमध्ये अडकतो.

केबल बनवून घेताना हमखास होणारी चूक अशी: बाहेरचं कव्हर १५० मिमीनं वाढवलं जातं आणि आतली तार अंदाजानं कापली जाते. जुन्या केबलमध्ये आतली तार कव्हरपेक्षा जितकी जास्त बाहेर आहे, नेमकी तितकीच नव्या केबलमध्येही हवी. तार कमी पडली तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो, घसरतो आणि प्लेटा जळतात. जास्त झाली तर ॲडजस्टर शेवटपर्यंत फिरवूनही क्लच सुटत नाही. जुनी केबल सोबत न्या, हे माप दुकानातच पट्टीनं बघा. तारेच्या टोकाचं निपल (धातूची गुंडी) झाळलेलं हवं. स्क्रूनं आवळायचं निपल रस्त्यात केबल तुटल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक.

ॲक्सिलेटरला काही गाड्यांत एक केबल असते, काहींत दोन, एक उघडायला आणि एक मिटायला. दोन असतील तर दोन्ही वाढवायच्या.

ब्रेकच्या पाइपमध्ये काटकसर करू नका. भोसरीत हायड्रॉलिक पाइप दाबून देणारी दुकानं आहेत, पण यंत्राच्या तेलाचा पाइप ब्रेकला चालत नाही. त्यातलं रबर खनिज तेलासाठी असतं; ब्रेक ऑइलनं ते फुगतं आणि आतून सुटायला लागतं. गाडीच्या ब्रेकसाठीच बनवलेला, आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी असलेला पाइप घ्या. बँजो बोल्टचा, म्हणजे पाइपचं टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा, आटा आधी तपासा. १० मिमीच्या बोल्टला १.० आणि १.२५ मिमी अशा दोन पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे येतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग अडतो आणि जोर लावला की मास्टर सिलिंडरचा (ब्रेक लिव्हरजवळचा ऑइलच्या टाकीचा पंप) ॲल्युमिनियमचा आटा खातो. तिथून पुढे खर्च पाइपचा राहत नाही, मास्टर सिलिंडरचा होतो.

गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मास्टर सिलिंडरपासून पाइप आधी एबीएसच्या डब्यात जातो आणि तिथून दुसरा कॅलिपरला, म्हणजे चाकाची डिस्क दाबणाऱ्या भागाला. उंच हँडलसाठी फक्त पहिला वाढवायचा असतो. काही गाड्यांत त्याचा अर्धा भाग वाकवलेली धातूची नळी असते. तसा लांब पाइप तयार मिळत नसेल तर हँडलचीच उंची कमी करणं शहाणपणाचं. एबीएसच्या जोडात जोड लावून लांबी वाढवू नये.

कायद्याचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातले तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडीच्या कंपनीच्याच ॲक्सेसरीच्या यादीत उंच हँडल असेल तर ते घेऊन पावती जपून ठेवणं हा सगळ्यांत निर्धोक मार्ग. बाहेरचं हँडल लावायचं असेल तर एमएच १२ वाल्यांनी संगम पुलाजवळच्या आणि एमएच १४ वाल्यांनी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत आधी विचारावं. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं. आरसे दोन्ही हवेतच.

उतरवणं

लागणारी हत्यारं: ५, ६ आणि ८ मिमीच्या ॲलन की, ८, १०, १२, १४ चे पाने, चांगला चौफुली स्क्रूड्रायव्हर, टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळणारा), बारीक पारदर्शक नळी, मोठी सिरिंज, नवं सीलबंद डॉट ४ ब्रेक ऑइल (मास्टर सिलिंडरच्या झाकणावर वेगळा ग्रेड लिहिला असेल तर तोच), तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे नवे वॉशर, झिप टाय, मास्किंग टेप. शिवाय एक जुनी गोधडी आणि पाण्यानं भरलेली बादली.

पेट्रोल टाकीवर गोधडी घाला. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मग मोबाइलवर फोटो घ्या: प्रत्येक केबल कुठल्या वाटेनं जाते, हेडलाइटच्या मागून की पुढून, कुठल्या कडीतून. जुन्या हँडलवर स्विच, लिव्हर आणि मास्टर सिलिंडर टोकापासून किती अंतरावर आहेत ते मोजून टेपवर लिहा.

मुठीच्या टोकाच्या वजनांचे स्क्रू बहुतेक वेळा चिकटलेले असतात आणि त्यांचं डोकं घसरतं. पाना घट्ट रोवून एक हलका हातोडा द्या, मग फिरवा. मूठ काढायला सायकलचा जुना आरा रबराखाली सरकवून साबणाचं पाणी सोडा आणि पिळत ओढा. कॉम्प्रेसर असेल तर हवेच्या एका फुंकरीत निघते. मास्टर सिलिंडर काढताना तो उलटा होऊ देऊ नका, झाकण वर ठेवून कापडात बांधून टांगा. पाइप बदलायचा असेल तर आधी सिरिंजनं मास्टर सिलिंडरच्या टाकीतलं ऑइल काढून घ्या.

हँडल निघालंय तोवर पुढचं चाक अधांतरी करून स्टेअरिंग तपासा. फोर्क पुढेमागे हलवताना कट्ट वाजलं किंवा चाक मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोन सेट (स्टेअरिंगचं बेअरिंग) गेलाय. उंच हँडलनं हा दोष दुप्पट जाणवतो आणि लोक मग हँडलला शिव्या घालतात.

बसवणं

नवं हँडल क्लॅम्पमध्ये सैल ठेवा. क्लॅम्पच्या वरच्या तुकड्यावर ठिपका किंवा बाण असेल तर तो पुढच्या बाजूला. बऱ्याच गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळायचे आणि फट फक्त मागे राहू द्यायची असते. काहींत दोन्हीकडे सारखी फट. मॅन्युअलमध्ये असेल तसंच करा. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलचा. हाताच्या अंदाजानं आवळणारे दोन प्रकारचे असतात, आटा खाणारे आणि हँडल सैल ठेवणारे.

क्लॅम्प रबरी बुशवर बसत असेल तर मूळ मऊ रबर उंच हँडलचा तरफेचा जोर सोसत नाही. हँडल मागेपुढे डुलतं, ब्रेक लावताना हात पुढे गेल्यासारखे वाटतात. तिथे पॉलियुरेथेनचे कडक बुश टाका. कंप थोडा वाढेल, पण हँडल तुमच्या ताब्यात राहील.

हँडलचा कोन ठरवताना बाजूनं बघा. हँडलचे उभे दांडे साधारण फोर्कच्या रेषेत असावेत. फार मागे ओढलं तर वळताना मूठ गुडघ्याला किंवा टाकीला लागते. फार पुढे गेलं तर मनगट बाहेर मुरडतं.

आता स्विचची पेटी. तिच्या आत एक छोटी खुंटी असते आणि मूळ हँडलला तिच्यासाठी भोक असतं. नव्या हँडलला बहुधा ते नसतं. खुंटी घासून टाकणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. मग उजवी पेटी ॲक्सिलेटरबरोबर फिरायला लागते आणि एके दिवशी वायर तोडते. भोकच पाडा. पेटी हवी त्या कोनात धरून जागेवर खूण करा, सेंटर पंचनं खड्डा करा, नाहीतर गोल पाइपवर ड्रिल घसरतं. आधी ३ मिमीचं, मग व्हर्नियरनं खुंटी मोजून त्या मापाचं भोक. पाइपच्या एकाच भिंतीला. कडा घासा, उघड्या लोखंडाला रंगाचा हात द्या. आपल्या पावसात तिथूनच गंज धरतो. क्लॅम्पच्या जवळ मात्र भोक पाडू नका. वायरी हँडलच्या आतून नेण्यासाठी मधोमध मोठी भोकं पाडलेली हँडलं दिसतात, सुंदर दिसतात, पण तिथेच ताण सगळ्यांत जास्त असतो. आतून वायर न्यायची हौसच असेल तर तशी भोकं कंपनीनंच दिलेलं हँडल घ्या.

उजवी मूठ बसवताना तिचं टोक आणि टोकाचं वजन यांत १ ते २ मिमी फट राहिली पाहिजे. ती नसेल तर ॲक्सिलेटर सोडल्यावर परत येत नाही. सोडून बघा, टक्कन मिटला पाहिजे.

ब्रेक

बँजोच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर, जुने परत वापरायचे नाहीत. ते एकदाच दबतात. बोल्ट साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. पाइप पिळलेला नसावा.

उंच हँडलवर हवा काढणं त्रासाचं का होतं, ते समजलं की वेळ वाचतो. बुडबुडा वर जातो. पाइप मास्टर सिलिंडरमधून निघून आधी वर चढत असेल तर त्या कमानीत हवा अडकून बसते आणि खाली कॅलिपरच्या निपलमधून (हवा काढायच्या तोटीतून) कितीही ऑइल काढलं तरी ती उतरत नाही. म्हणून हँडल आणि मास्टर सिलिंडर असे वळवून ठेवा की पाइपचं टोक टाकीच्या वर राहणार नाही. टाकी भरा, लिव्हर हळूहळू, थोडीशीच दाबत-सोडत राहा. टाकीत बारीक बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की बँजोभोवती कापड गुंडाळा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट पाव फेरा सैल करा, फुसफुसून हवा येईल, लिव्हर न सोडता परत आवळा. दोन-तीनदा केलं की वरची हवा जाते. त्यानंतर खाली कॅलिपरला नळी लावून नेहमीची पद्धत: दाबा, निपल उघडा, मिटा, सोडा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात.

लिव्हर तरीही थोडी मऊ वाटली तर ती दाबून रबरानं मुठीला बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बहुधा कडक मिळते. स्पंजासारखी लागणारी लिव्हर घेऊन रस्त्यावर जायचं नाही. एबीएसच्या डब्यात हवा शिरलीच तर ती काढायला कंपनीचं दोष शोधायचं यंत्र लागू शकतं. म्हणून एबीएसच्या गाडीत जुना पाइप सोडल्यावर डब्याचं तोंड लगेच बंद करा.

शेवटी हँडल सरळ असताना टाकीच्या काचेतली पातळी आडवी दिसते ना, ते बघा. नाहीतर मास्टर सिलिंडर हँडलवर फिरवून सरळ करा.

वायरी

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, दोन्ही टोकांना तसेच कनेक्टर असलेली जोडवायर मिळते का बघा. कापायचीच असेल तर एका वेळी एकच वायर कापा, तीच जोडा, मग पुढची. सगळ्या एकदम कापणाऱ्याला नंतर इंडिकेटर दाबल्यावर हॉर्न ऐकू येतो. प्रत्येक जोड शेजारच्यापासून २५-३० मिमी पुढेमागे ठेवा, म्हणजे एकाच जागी गाठोडं होत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बारीक तारांची ऑटोमोबाइल वायर आणि हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी) दोन्ही मिळतात. स्विचला ०.७५ चौरस मिमीची वायर पुरते, पण मूळ वायर जाड दिसली तर तितकीच जाड घ्या. ट्यूब आतून गोंद असलेली घ्या, पावसाचं पाणी आत जात नाही. जोड हेडलाइटच्या डब्यात किंवा टाकीखाली येऊ द्या. हँडल वळताना जिथे वायरी वाकतात तिथे जोड नको. महिन्या-दोन महिन्यांत तुटतो आणि कुठे तुटला ते सापडत नाही. समोरच्या ब्रेकच्या लिव्हरखालचा छोटा स्विच विसरू नका, मागचा लाल दिवा त्यावर चालतो.

रस्त्यावर जाण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये चालू करा, हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. इंजिनाचा आवाज जराही चढला तर ॲक्सिलेटर केबल ओढली जाते आहे. हा दोष सरळ रस्त्यावर कळत नाही. अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पुढे झेपावते. केबलची वाट बदला, तरीही होत असेल तर केबल आखूड आहे. ॲक्सिलेटरला २ ते ४ मिमी मोकळी चाल, क्लच लिव्हरच्या मुळाशी २-३ मिमी. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण खाली सुटू द्या आणि कॅलिपरला जाणारा पाइप ताणत नाही ना बघा. मुठींवर अंगाचा पूर्ण भार टाकून खाली दाबा. हँडल क्लॅम्पमध्ये केसभरही फिरता कामा नये.

पहिली चक्कर पार्किंगमध्ये, ताशी १० च्या वेगानं, आठाच्या आकड्यात. मग सकाळी लवकर पौड रोडनं चांदणी चौकापर्यंत. गतिरोधक इतके आहेत की सैल असलेलं काहीही लगेच वाजतं. घाट नंतर. १०० किलोमीटरनंतर क्लॅम्प आणि बँजो पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा, बँजोभोवती ओलावा दिसतो का बघा.

वेगात उंच हँडलवर छाती वाऱ्याला उघडी पडते आणि हात आपोआप मुठी ओढायला लागतात. ताशी ८०-९० ला गाडी डुलल्यासारखी वाटली तर बऱ्याचदा कारण तेच असतं, तुम्ही हँडलला लोंबकळताय. पकड सैल करा, गुडघ्यांनी टाकी धरा. तरीही डुलत असेल तर टायरची हवा आणि कोन सेट बघा. मुंबईला जाणाऱ्यांना एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहेच, त्यामुळे लोणावळ्याकडचा जुना रस्ताच. तिथल्या वळणांवर रुंद हँडल हलक्या हातानं वळतं आणि पहिल्या दिवशी हवं त्याहून जास्त वळतं.

पावसाळ्याआधी एक काम राहतं. उंच हँडलवर क्लच केबलचं वरचं तोंड आभाळाकडे उघडं राहतं आणि नरसाळ्यासारखं पाणी आत घेतं. रबरी टोपी लावा, केबलमध्ये तेल सोडा. जूनमध्ये जड झालेला क्लच ऑगस्टमध्ये तुटतो.